सिनेटर हॅलिडे आमच्या स्वयंपाकघरात

अ‍ॅशबी फॉल्स, न्यू हॅम्पशायर
८ डिसेंबर

प्रिय लोइस,

यंदा थंडी आणि उमेदवार बरोबरच आले. गेल्या आठवड्यात माझ्या दुकानात दोन भावी राष्ट्राध्यक्ष येऊन गेले आणि केस कापायला बायका आल्या तीन. धंद्याची ही अवस्था आहे.

पहिला आला बार्टोस, तो रेल्वेतला. सगळे उमेदवार हात मिळवून, फोटो काढून पुढे जातात. हा पठ्ठ्या खुर्चीत बसला, "बाजूनं थोडे कमी करा" म्हणाला आणि गप्प झाला. मिसेस पेलेतिए ड्रायरखाली बसून हा आता काहीतरी मोठं बोलेल म्हणून वाट बघत होती, तिचे केस करपायची वेळ आली. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "मत द्यायचं असेल तर द्या. केस छान कापता." झालं त्याचं भाषण.

दुसरा सिनेटर हॅलिडे. उंच, देखणा, आणि प्रत्येकीचं नाव एकदा ऐकून लक्षात ठेवणारा. कारखाना बंद करायचा तर मालकानं कामगारांना वर्षभर आधी सांगितलंच पाहिजे, या कायद्याचा मसुदा त्यानंच आणलाय. बोलतो तेव्हा खोलीत आपण एकटेच आहोत असं वाटतं. हे चांगलं की वाईट, माझं अजून ठरत नाही. बाकी त्या गव्हर्नरबाई आहेत, पण त्या अजून आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

पक्षाचा उमेदवार कोण ते तुमची आयोवाची माणसं आमच्या आधी निवडणार, म्हणून तुला विचारते. आणि व्हर्ननला विचारून सांग. आमच्या घरात राजकारण कळणारा तोच एक. नोव्हेंबरात त्याच्या वाढदिवसाला फोन केला तेव्हा तो बाहेर बर्फ काढत होता, असं तू म्हणालीस. थँक्सगिव्हिंगच्या सणाला केला तेव्हाही बर्फच काढत होता. आयोवात इतका बर्फ पडतो हे मी विसरले असेन. सख्ख्या बहिणीशी दोन शब्द बोल म्हणावं.

तुझी,
हॅरिएट

*

केलर्स बेंड, आयोवा
१७ डिसेंबर

प्रिय हॅरिएट,

व्हर्नन ठीक आहे. मांसाचा कारखाना बंद झाल्यापासून जरा शांत झालाय एवढंच. दिवसभर गॅरेजमध्ये असतो, शेजारपाजारच्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करून देतो. एमेट सोर्ली येतो दर रविवारी, तुला आठवत असेल, लग्नात नाचताना ज्याची पँट उसवली होती तो. दोघं बसतात बोलत. एमेट यंदा आमच्या वॉर्डात बार्टोसचं काम बघतो, आणि व्हर्ननचं मतही तिकडेच असणार. बार्टोस बोलत नाही तेच त्याला आवडतं.

माझं मात्र मन हॅलिडेकडे जातंय. बार्टोस चांगला आहे गं, पण तो निवडून येणार नाही. आमच्या गावातले सहाशे लोक एका शुक्रवारी दुपारी घरी पाठवले. त्यांना नुसता चांगला माणूस देऊन काय करायचं? कायदा करून घेणारा हवा. हे मी घरात मोठ्यानं बोलत नाही.

आता बातमी. हॅलिडेच्या ऑफिसातून एक मुलगी आली होती. सिनेटरना कारखान्यातल्या कामगाराच्या घरी, स्वयंपाकघरात बसून शेजाऱ्यांशी बोलायचंय, आणि त्यांनी आमचं घर निवडलंय. मी हो म्हणाले. पडदे धुवायला काढलेत. तू हसशील, पण लग्नानंतर माझ्याकडे काही मागायला कोणी आलं असेल तर ते हेच.

तुझी,
लोइस

*

केलर्स बेंड
९ जानेवारी

प्रिय हॅरिएट,

आले होते. काल.

स्वयंपाकघरात पंधरा-सोळा माणसं, भिंतीला टेकून उभी. मी अ‍ॅपल पाय भाजले होते, त्यातला एक जळला, तो लपवला. सिनेटरनी माझ्याच खुर्चीवर बसून कॉफी घेतली आणि प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कारखान्यात काय करत होता. नुसतं विचारलं नाही, ऐकलं. बिली टाफ्ट हाडं कापायच्या यंत्राबद्दल इतका वेळ बोलला की त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. सिनेटर म्हणाले, "थांबवू नका त्यांना, मला हे कळलं पाहिजे."

सगळे गेल्यावर त्यांची माणसं बाहेर गाडी गरम करत होती. हे मात्र आत थांबले. मी कप धूत होते. त्यांनी टॉवेल घेतला आणि पुसायला लागले. अमेरिकेच्या सिनेटरनं माझे कप पुसले, हॅरिएट. आम्ही थोडा वेळ बोललो. असंच, इकडचं तिकडचं. पण मी तुला खरं सांगते, वर्षभरात माझं कोणी इतकं नीट ऐकून घेतलं नव्हतं.

व्हर्नन घरी नव्हता. त्याला काम निघालं.

माझं ठरलं. तुझं काय?

लोइस

*

अ‍ॅशबी फॉल्स
१५ जानेवारी

प्रिय लोइस,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. कप पुसल्याचं ऐकून मिसेस पेलेतिए म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षांत एक कप पुसला नाही, मी त्यालाच राष्ट्राध्यक्ष करीन." तर आता माझंही ठरलं. मी हॅलिडेच्या ऑफिसात जाऊन नाव दिलं, छातीला बिल्ला लावला आणि अंगणात पाटी ठोकली. शेजारच्या डॉयलनं बार्टोसची लावलीय. आम्ही दोघं बर्फ काढताना एकमेकांकडे बघत नाही.

ऑफिसात सांगितलं की आयोवात सिनेटर ज्या घरी गेले ते माझ्या भावाचं घर. तिथली पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच सिनेटरना निवडून आणणार आहे.

एकच गोष्ट विचारते, रागावू नकोस. सिनेटर घरी येणार हे आठवडाभर माहीत असताना व्हर्ननला काम कुठलं निघालं? तो तर दुसऱ्या पक्षाचा सिनेटर आला असता तरी वाद घालायला थांबला असता. सगळं ठीक आहे ना?

तुमच्या वॉर्डात उमेदवार निवडायची सभा झाली की काय झालं ते लगेच कळव.

हॅरिएट

*

केलर्स बेंड
२१ जानेवारी

प्रिय हॅरिएट,

जिंकलो. शाळेच्या जेवणघरात सभा होती. तुमच्याकडे पडद्याआड जाऊन चिठ्ठी टाकता ते किती बरं. आमच्याकडे आपल्या माणसाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या गावासमोर. हॅलिडेच्या कोपऱ्यात उभं राहायला जागा नव्हती. गव्हर्नरबाईंचा कोपराही बरा भरला होता. बार्टोसच्या लोकांना पुरेशी माणसं मिळाली नाहीत. ज्या कोपऱ्यात ठरलेल्यापेक्षा कमी माणसं असतात तो कोपरा मोडतो आणि त्यांनी दुसरीकडे जायचं असतं. एमेटचा चेहरा पडला, पण नियम तो नियम.

मार्चमधल्या जिल्ह्याच्या सभेसाठी मला प्रतिनिधी निवडलंय. हॅलिडेच्या ऑफिसातल्या त्या मुलीनं मला मिठी मारली.

व्हर्ननला सर्दी आहे. फार काही नाही. तू उगाच काळजी करतेस.

घाईत,
लोइस

*

अ‍ॅशबी फॉल्स
८ फेब्रुवारी

लोइस,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं.

शनिवारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये हॅलिडेची सभा होती. मला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. आजूबाजूला मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आयोवातलं ते घर आमचं म्हणून. भाषण रंगत गेलं. मग तो थांबला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "मी तुम्हाला व्हर्ननबद्दल सांगतो."

तो म्हणाला, व्हर्नन एकतीस वर्षं मांसाच्या कारखान्यात होता, युनियनचा माणूस, लोक त्याला घाबरायचे आणि मानायचे. आता तो वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मे महिन्यापासून. त्याची बायको लोइस दाराबाहेर ताट ठेवते आणि संध्याकाळी जिन्यावर बसून राहते, आतून काही आवाज येतो का ऐकत. तिनं हे सांगितलं तेव्हा, तो म्हणाला, व्हर्नन माझ्या डोक्यावर होता, छतापलीकडे, आणि मला त्याची पावलं ऐकू येत होती.

माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात धरला. मग टाळ्या सुरू झाल्या. लोइस, मीही वाजवल्या. माझ्याच भावाची कथा मी पहिल्यांदा ऐकत होते आणि माझे हात टाळ्या वाजवत होते, कारण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला माहीत नव्हतं हे त्यांना कळायला नको होतं.

घरी येऊन बिल्ला काढला. मग वाटलं, उद्या लोक विचारतील, म्हणून परत लावला. अशी मी.

मला तू मोडक्या खुर्च्या सांगितल्यास. त्याला खरं सांगितलंस. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या माणसाला. तुझ्यावर चिडायला बसले होते, पण चिडायला लागले की थँक्सगिव्हिंगचा फोन आठवतो. बर्फ काढतोय म्हणालीस तेव्हा मला संशय आला होता. मी विनोद केला आणि फोन ठेवला. विचारलं नाही.

इथे सगळीकडे टीव्हीवाले होते. सांभाळ.

हॅरिएट

*

केलर्स बेंड
१३ फेब्रुवारी

हॅरिएट,

व्हर्नन गेलाय. म्हणजे गाडी घेऊन निघून गेलाय. कुठे, माहीत नाही. तुझ्या घरी दोनदा फोन लावला, तू दुकानात असशील. एका अर्थी बरं झालं. तोंडानं सांगता आलं नसतं.

तुझं पत्र परवा आलं. त्याच संध्याकाळी बातम्यांत ते भाषण दाखवलं. वॉर्डाच्या सभेनंतर व्हर्नन बातम्यांच्या वेळेला खाली येऊन बसायला लागला होता. बोलायचा नाही, पण बसायचा, आणि मी मनात म्हणत होते की दिवस पालटतायत. तो खुर्चीत, मी दारात. सिनेटर म्हणाले, "मी तुम्हाला व्हर्ननबद्दल सांगतो." मला पुढे होऊन टीव्ही बंद करता आला असता. मी तिथेच उभी राहिले. खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला वाटलं, बघू तरी नीट सांगतायत का.

संपल्यावर तो उठला, टीव्ही बंद केला, वर गेला. सकाळी गाडी नव्हती. दाढीचं सामानही नेलंय, त्यावरून एमेट म्हणतो की काळजी करू नकोस, जीव द्यायला निघालेला माणूस दाढीचं सामान नेत नाही. एमेट कालपासून रस्त्यांवर शोधतोय. हा एमेट दर रविवारी यायचा, आणि मी त्याला दारातूनच परत पाठवायचे, व्हर्ननचं डोकं दुखतंय म्हणून. दोघं बोलत बसतात असं तुला लिहिलं ते खोटं होतं.

आणि अजून एक आहे. तेही सांगून टाकते, आता काय उरलंय.

वॉर्डाच्या सभेला व्हर्ननला सर्दी नव्हती. तो आला होता. एमेट त्या दिवशी माझं न ऐकता सरळ जिना चढून वर गेला आणि त्याला घेऊन आला. कोट घरातल्या सदऱ्यावरच घातलेला, दाढी वाढलेली. मे महिन्यानंतर तो पहिल्यांदा माणसांत आला होता, हॅरिएट. जेवणघरातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. तो जाऊन बार्टोसच्या कोपऱ्यात उभा राहिला. मोजणी झाली. त्यांना एक माणूस कमी पडत होता. एक.

नियमाप्रमाणे मग थोडा वेळ देतात, कोणाला इकडून तिकडे यायचं असेल तर यावं. एमेट सगळ्या कोपऱ्यांपुढून फिरला. माझ्यापुढे थांबला आणि म्हणाला, "लोइस, आजच्यापुरती ये. तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्त माणसं आहेत. तुझ्यावाचून हॅलिडेचं काही अडत नाही." ते खरं होतं. मला सरळ गणित दिसत होतं. पण तोवर माझ्या कानात ती मुलगी सांगून गेली होती की प्रतिनिधी म्हणून माझं नाव घेणार आहेत. आणि कोपरा सोडला तर ते नाव जाणार.

व्हर्नननं मला बोलावलं नाही. तो बघत होता फक्त. मी जमिनीकडे बघितलं. मग त्यांचा कोपरा मोडला. बाकीचे विखुरले, कोणी आमच्याकडे आले, कोणी गव्हर्नरबाईंकडे. व्हर्नन कुठेच गेला नाही. कोटाची बटणं लावून एकटा चालत घरी गेला. आणि मी मागे थांबले, माझी निवड व्हायची होती म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या टाळ्यांचं तू लिहिलंस, म्हणून माझ्याही सांगते.

सिनेटरना मी सांगितलं ते का सांगितलं, मलाही नीट कळत नाही. वरून पावलांचा आवाज आला, त्यांनी छताकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचे मिस्टर?" खोटं बोलायचा मला इतका कंटाळा आला होता. मला वाटलं, हा माणूस उद्या दुसऱ्या राज्यात असेल. गावात कोणाला कळणार नाही. त्याच्या हातात टॉवेल होता. टॉवेल हातात असलेल्या माणसाची भीती वाटत नाही.

व्हर्नन तुझ्याकडे आला तर फोन कर. मी घरीच आहे.

लोइस

*

अ‍ॅशबी फॉल्स
२५ फेब्रुवारी

प्रिय लोइस,

फोनवर मी एवढंच म्हणाले की तो इथे आहे, जेवलाय, झोपलाय. तो शेजारच्या खोलीत होता, जास्त बोलता येईना. आता सगळं लिहिते.

रविवारी अंधार पडायच्या सुमारास दारात उभा. सहा राज्यं ओलांडून, बर्फातून, त्या गाडीनं. बारीक झालाय. पण दाढी केलेली होती, वाटेत कुठेतरी पेट्रोल पंपावर केली म्हणाला. मी रडायला लागले तर म्हणाला, "हॅरिएट, आधी काहीतरी खायला दे." तीन वाट्या बीन्स खाल्ले. आणि मग म्हणाला, "तुझा तो सिनेटर कुठे भेटेल?"

मी त्याला नको म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, समोरासमोर भेटला तर हॅलिडे माफी मागेल. मला ती माफी व्हर्ननसाठी हवी होती की माझ्या बिल्ल्यासाठी, विचारू नकोस. ऑफिसात शब्द टाकला. बुधवारी सकाळी दोन तासांवरच्या एका गावात, सभेच्या हॉलच्या मागच्या खोलीत पाच मिनिटं दिली.

व्हर्नन टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "मी व्हर्नन ब्रँडवोल्ड. आयोवाचा." हॅलिडेनं हसून हात पुढे केला आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, लोइस. रोज ज्याचं नाव घेतो ते नाव त्याला ओळखू आलं नाही. बरोबरच्या माणसानं कानात सांगितलं, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी व्हर्ननचा हात धरला.

व्हर्नन म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगता त्यात खोटं काही नाही. पण ते माझ्या घरातलं आहे. माझं नाव घेऊ नका."

"तुम्ही म्हणाल तसं," हॅलिडे म्हणाला. "शब्द देतो." त्याचे डोळे भरले होते. ते खोटे नव्हते, मी जवळून बघितले. त्याला रडू खरंच येतं. फोटो काढला. पाच मिनिटं संपली.

परत येताना गाडीत रेडिओ लावला होता. दुपारी तो पुढच्या गावात बोलला. म्हणाला, "आयोवातल्या एका माणसाबद्दल मी तुम्हाला सांगत आलोय. त्यानं मला विनंती केलीय, म्हणून आज मी त्याचं नाव घेणार नाही. पण हा माणूस, जो अंथरुणातून उठत नव्हता, तो उठला. निम्मा देश ओलांडून आला. आज सकाळी त्यानं माझा हात हातात घेतला." टाळ्या इतक्या झाल्या की रेडिओ खरखरायला लागला.

मी व्हर्ननकडे बघायची हिंमत केली नाही. माझ्यामुळे तो त्या खोलीत गेला होता, माझ्यामुळे त्या गोष्टीला शेवट मिळाला होता. बरंच पुढे गेल्यावर तो म्हणाला, "नाव नाही घेतलं. शब्द पाळला त्यानं." आणि मग तो हसला. चांगलं हसू नव्हतं, पण हसला.

त्या रात्री जेवताना त्यानं एकदाच तुझा विषय काढला. म्हणाला, "ती जिन्यावर बसायची हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ताट ठेवते आणि खाली जाते. मी दार उघडत नव्हतो, ती गेल्याशिवाय कसं उघडणार? तसेच बसून होतो म्हणजे, दोघंही." मग पुढे म्हणाला, "मला कळायला ते टीव्हीवर यावं लागलं, याची लाज वाटते." कोणाची लाज, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. पण मला वाटतं, तुझी नाही.

आता माझं. काल आमच्याकडे उमेदवार निवडायचं मतदान झालं. व्हर्नन मला गाडीनं घेऊन गेला. पडद्याआड मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. बाहेर कोणीतरी खाकरलं. बार्टोसनं गेल्या आठवड्यातच माघार घेतली होती, तरी त्याचं नाव कागदावर होतं. मला हात तिकडे न्यायचा होता. पण मी आमच्या गावातल्या कापडगिरणीचा विचार केला. पुढच्या वर्षी ती बंद होणार असं सगळे म्हणतात. मालकाला कायद्यानं थांबवू शकेल असा एकच माणूस त्या कागदावर होता. मी हॅलिडेला मत दिलं, लोइस. माझा भाऊ बाहेर थंडीत गाडीत बसलेला असताना.

बाहेर आले तर त्यानं विचारलं नाही. मीच सांगितलं. तो म्हणाला, "हो, मीही तेच केलं असतं," आणि काच पुसायला लागला. तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला की खरंच, कळलं नाही.

आमच्या राज्यात हॅलिडे जिंकला, तू ऐकलंच असशील.

व्हर्नन माझ्या मागच्या पडवीचं छप्पर नीट करतोय. आठवडाभरात निघतो म्हणतो. तुला लिहितो म्हणाला होता. दोनदा कागद घेऊन बसलेला बघितला. काही लिहिलं नाही.

तुझी,
हॅरिएट

*

केलर्स बेंड
२२ मार्च

प्रिय हॅरिएट,

उशीर झाला. रोज लिहीन म्हणायचे.

व्हर्नन पाच तारखेला आला. आला तो मागच्या दारानं, बूट काढले, टेबलाशी बसला. मी कितीतरी बोलायचं ठरवलं होतं. त्याच्यापुढे कॉफी ठेवली. तो म्हणाला, "लोइस, त्याला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, "तुला काय सांगणार? तुझंच तर होतं." तो म्हणाला, "माझं मला माहीत होतं. तुझं नव्हतं."

मग मी वॉर्डाच्या सभेचं बोलले. एमेट समोर थांबला होता, मी जमिनीकडे बघितलं, ते सगळं. प्रतिनिधीपणासाठी म्हणून. त्याला ते आधीच कळलेलं असणार, पण मला तोंडानं म्हणायचं होतं. त्यानं ऐकून घेतलं. माफ केलं असं काही म्हणाला नाही. मग म्हणाला, "त्या कोपऱ्यात उभं राहायला मला किती कष्ट पडले होते, तुला माहीत नाही." मी म्हणाले, "नाही." एवढंच झालं. रडारड नाही. त्या दिवसापासून तो जेवायला खाली येतो. काही दिवस बोलतो, काही दिवस नाही. डॉक्टरकडे जायचं कबूल केलंय, एमेट नेणार आहे, माझ्याबरोबर नको म्हणाला. ते मी समजू शकते.

गावात जाणं मात्र कठीण आहे. दुकानात लोक माझ्याशी फार प्रेमानं बोलतात. बिली टाफ्टच्या बायकोनं माझ्या पिशवीत परस्पर केक ठेवला. व्हर्ननला बघून पोरं हळू आवाजात काहीतरी म्हणतात. तो मान हलवतो आणि पुढे जातो. मी मागे राहते आणि बटाटे निवडत असल्यासारखं करते.

परवा हॅलिडेच्या ऑफिसातून फोन आला. मी चुलीपाशी होते, हात पिठाचे. व्हर्नन टेबलाशी होता. मे महिन्यापासून या घरात त्यानं फोन उचललेला नव्हता. तो उठला आणि उचलला. तीच मुलगी होती, आवाज मला इथपर्यंत येत होता. शनिवारी जिल्ह्याच्या सभेला सिनेटर स्वतः येणार आहेत, तर तुम्ही दोघांनी त्यांच्याबरोबर व्यासपीठावर बसावं, आणि आदल्या दिवशी त्यांना पुन्हा तुमच्या स्वयंपाकघरात यायला फार आवडेल, टीव्हीवालेही येतील, वगैरे.

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. पीठ मळत राहिले.

तो म्हणाला, "मी व्हर्नन बोलतोय." मग बराच वेळ ऐकत राहिला. मग अगदी साध्या आवाजात, दुधवाल्याला सांगावं तसं म्हणाला, "सिनेटरना सांगा, शनिवारी माझी बायको त्यांच्या कोपऱ्यात उभी राहील. नोव्हेंबरातल्या निवडणुकीत आम्ही दोघं मत त्यांनाच देऊ. पण घरी बोलावणार नाही."

तुझी,
लोइस